डाव्या पायाचं वजन

९ जानेवारी

हिने आज दवाखान्यात येताना ही वही आणली. म्हणाली, "जे काही बोलायचं असेल ते यात बोला." माझी करमणूक व्हावी म्हणून आणली असणार. शेजारच्या खाटेवरचा पेशंट तेवढ्यात तोंडावर चादर ओढून हसू लागला. त्याला काय झालं कोण जाणे.

तर सुरुवातीपासून. मी मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. सगळे मला मास्तर म्हणतात. माझ्या गाडीला दोन ब्रेक आहेत, एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक माझ्या. माझा पाय त्यावरून कधी हलत नाही, शिवाय स्टिअरिंगला खालून एक हात असतोच. शिकणारा घाबरायच्या आत मी ब्रेक दाबलेला असतो. पुष्कळांना तर शेवटपर्यंत पत्ता लागत नाही की गाडी मी चालवत होतो. इतक्या वर्षांत माझ्या गाडीवर एक ओरखडा नाही. टेस्टमध्ये माझी माणसं नापास होतात, त्याला परीक्षकाचा खडूसपणा कारण आहे.

परवा एका बँकेच्या कॅशिअरना गाडी मागे घ्यायला शिकवत होतो. गृहस्थ माझ्याकडे दुसऱ्यांदा पूर्ण कोर्स करत होते. त्यांना अंदाज यावा म्हणून मी खाली उतरलो, मागे भिंतीपाशी उभा राहिलो आणि हात हलवत "या, या, या" म्हणालो. ते आले. थांबायची वेळ झाली तेव्हा ते, त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, माझ्या ब्रेकची वाट बघत होते. बंपर आणि भिंत यांच्या मध्ये माझा डावा पाय होता. माणसं किती निष्काळजी असतात!

१२ जानेवारी

आज सुतारडॉक्टर आले. नाव मी ठेवलंय. हाडांचे मोठे सर्जन आहेत, पण बोलण्यात सदानकदा ड्रिल, पट्टी आणि स्क्रू. नडगीच्या हाडाचा बोटभर तुकडा चुरा होऊन गेलाय, म्हणाले. ती पोकळी भरायचे दोन मार्ग. एक म्हणजे कमरेचं हाड कापून तिथे बसवायचं. दुसरा मार्ग त्यांच्याबरोबर आलेल्या बाईंच्या पिशवीत होता.

बाईंनी एक डबी उघडली. आत पांढरी, भोकाभोकांची नळी. आंघोळीच्या घासणीचा तुकडा कापावा तशी.

"हे काय, प्लास्टिक?" मी विचारलं.

"पॉलिमर," बाई म्हणाल्या.

"म्हणजे प्लास्टिकच ना?"

बाईंनी क्षणभर डोळे मिटले. ही जाळी त्यांनी स्वतः बनवलीय, त्यात उमेदीची सगळी वर्षं घातली आहेत, असं नंतर कळलं. "मास्तर, स्लॅब भरताना खाली सेंटरिंग लावतात, पाहिलंय ना? स्लॅब पक्का झाला की काढून घेतात. ही जाळी म्हणजे सेंटरिंग. हिच्या भोकांतून हाडाच्या पेशी आत शिरतात, तिथे बस्तान बसवतात, आणि नवं हाड धरत जातं. फरक एवढाच, की ही काढावी लागत नाही. आपणहून विरघळते. काही महिन्यांनी तिथे फक्त तुमचं हाड असेल."

"आणि जाळी विरघळली, पण हाड आलंच नाही तर?"

"म्हणून तर पायावर वजन टाकायचं," सुतारडॉक्टर म्हणाले. "हाडाला काम दिलं की ते वाढतं. सगळा भार पट्टीने आणि कुबड्यांनीच उचलला, तर हाड म्हणतं, माझी काही गरज दिसत नाही. मग ते येतच नाही."

हाडाला इतकं कळतं यावर माझा विश्वास बसला नाही. पण ही जाळी आजवर कुठल्याच माणसाला बसवलेली नाही, मी पहिला, असं बाई म्हणाल्या आणि मी सहीसाठी पेन मागितलं.

आईला कळल्यावर तिने डोळ्यांना पदर लावला. "बादलीचं प्लास्टिक पायात घालणार तुझ्या?"

२५ जानेवारी

जाळी बसली. बाजूने लोखंडी पट्टी आणि स्क्रू. पाय माझा कमी आणि हार्डवेअरच्या दुकानाचा जास्त वाटतो.

एक्स-रेच्या खोलीबाहेर चाकाच्या खुर्चीत बालवाडीच्या एक बाई भेटल्या. शाळेच्या जिन्यावरून पडल्या आणि मांडीचं हाड जुळायचं नाव घेत नाही. दुसरी जाळी त्यांना मिळायची आहे, माझी नीट चालली तर. "तुमच्या पायावर आमचं सगळं अवलंबून आहे हो," म्हणाल्या. मी त्यांना धीर दिला. नेतृत्व असंच अचानक गळ्यात पडतं.

३ फेब्रुवारी

घरी येऊन चार दिवस झाले. भेटायला रीघ लागली आहे. प्रत्येकाला जाळीची हकीकत पहिल्यापासून सांगावी लागते. लोक भारावून जातात. काही तर इतके, की अर्ध्यातच उठून जातात.

आईने माझी सगळी व्यवस्था हातात घेतली आहे. पाणी, उशी, पेपर, सगळं पलंगावर. परवा मी स्वतःच्या हाताने पंखा लावला तर ती रागावली. आजारपणात इतकं सुख असतं हे आधी कुणी सांगितलं नाही.

६ फेब्रुवारी

जाळीवाल्या बाईंनी वजनकाटा पाठवलाय, जुन्या पद्धतीचा, सुईचा. सोबत तेवढ्याच उंचीची लाकडी फळी. चांगला पाय फळीवर, दुखरा काट्यावर, कुबड्या काखेत. मग डाव्या पायाने सुई दहा किलोवर येईपर्यंत हळूहळू भार द्यायचा. सकाळी आणि संध्याकाळी. दर वेळी सुईचा फोटो काढून बाईंच्या मोबाइलवर पाठवायचा. हाड जसं धरेल तसा आकडा वाढवत नेणार.

हे लिहायला लाज वाटते, पण वही माझीच आहे. सुई चारवर आली आणि मला त्या भिंतीपाशी झालेला आवाज ऐकू आला. माझ्याच हाडाचा. दुखलं म्हणावं तर तितकं दुखलंही नाही. मी घाबरलो. बनियन घामाने भिजलं आणि मी पाय काढून घेऊन पलंगावर बसलो.

आई दारातच उभी होती. तिला माझा चेहरा बघवेना.

"नको रे बाळा, कशाला त्या पायाचे हाल करतोस? सुई दहावरच आणायची आहे ना? सरक बघू."

तिने भिंतीला धरून एक पाय काट्यावर टेकवला आणि हलकेच दाबला. सुई बरोबर दहावर.

"घे तुझा फोटो."

मी घेतला. आजच्या दिवसापुरता.

१० फेब्रुवारी

आजही आजच्या दिवसापुरताच.

बाईंचा मेसेज आला: 'उत्तम प्रगती!' आईला वाचून दाखवला. ती लाजली.

१५ फेब्रुवारी

आमच्या घरात बंड झालं आहे. ही गाडी घेऊन शिकवायला जाते.

हिच्याकडे लायसन्स फार वर्षांपासून आहे, पण मी असताना तिला चालवायची वेळच आली नाही. ती ऑफिसात बसून फोन घ्यायची, वेळा लावायची. आता म्हणते, स्कूल बंद ठेवून कसं चालेल? मी म्हटलं, "ठीक आहे, पण पाय ब्रेकवरून काढू नकोस. आणि स्टिअरिंग खालून धर."

"मी पाय सीटवर घेऊन मांडी घालून बसते," ही म्हणाली.

"काय?"

"खाली ठेवले की दाबायचा मोह होतो. अगदीच वेळ आली तर हँडब्रेक आहे ना हाताशी."

"अगं, गाडी ठोकतील ती लोकं!"

"हळू ठोकतात," ही म्हणाली आणि भाजी निवडायला गेली.

२४ फेब्रुवारी

तपासणी. सुतारडॉक्टरांनी समोर काटा ठेवून करून दाखवायला सांगितलं. आली का पंचाईत! पण मी कच्चा नाही. दात आवळले, मनातल्या मनात मोठ्याने गाणं म्हटलं आणि सुई वीसवर नेली. डोळ्यांसमोर काजवे चमकले. डॉक्टर म्हणाले, "छान. घरी रोज करता ना?" मी म्हटलं, "फोटो बघा की."

शाळेतही मी असाच पास व्हायचो. आदल्या दिवशी पाठ करायचं, दुसऱ्या दिवशी विसरायचं. काही अडलं नाही आयुष्यात.

१२ मार्च

आकडा तीसवर गेला. एका पायाने भागेना, म्हणून आई आता दोन्ही पायांनी काट्यावर चढते आणि मी तिचा हात धरून थोडी वर ओढतो, म्हणजे सुई तिसावर थांबते. यात कौशल्य आहे. सकाळी एकदा मी जास्त ओढली आणि फोटोत सव्वीसच आले. बाईंनी लगेच विचारलं, 'आज थकवा आहे का?' इतकी काळजी करतात.

गाडीवर सात-आठ ओरखडे पडलेत असं गॅरेजवाल्याकडून कळलं. हिला जाब विचारला. म्हणाली, "हो. आणि चार जण पास झाले." त्यात बँकेचे ते कॅशिअरही आहेत! माझा पाय मोडणारा माणूस आता परवाना घेऊन मोकाट हिंडणार. पेढ्यांचा बॉक्स घेऊन भेटायला आले होते. मी झोपेचं सोंग घेतलं.

२० मार्च

आईचे गुडघे दुखायचे थांबलेत. संध्याकाळी फिरायलाही जाते. काल तर दुसऱ्या मजल्यावर न थांबता चढली, आणि वर आल्यावर धाप शेजारणीला लागली. कारण काय ते कळत नाही. हवा मानवली असेल.

माझी डावी पोटरी मात्र उजवीच्या निम्मी दिसते. पट्टीमुळे तसं वाटत असणार.

२ एप्रिल

आता मोठी अडचण आली. बाईंनी निम्मं वजन टाकायला सांगितलं आहे. माझं निम्मं म्हणजे अख्ख्या आईपेक्षा थोडं जास्त. ती दोन्ही पायांनी उभी राहिली, श्वास रोखला, पोट फुगवलं, तरी सुई अलीकडेच.

"थांब," ती म्हणाली आणि मोरीतून बादली भरून घेऊन आली. प्लास्टिकची, निळी, लहानशी. ती हातात घेऊन काट्यावर उभी राहिली. सुई अचूक.

माझ्या पायात प्लास्टिक घालायला आईचाच विरोध होता, याची आठवण करून द्यायचं मी टाळलं.

९ एप्रिल

एक्स-रे. सुतारडॉक्टरांनी तो उजेडावर धरला, मग उलटा करून पुन्हा धरला. जाळीवाल्या बाईंनी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

जाळी ठरल्याप्रमाणे विरघळत चालली आहे. तिच्या जागी हाड मात्र जेमतेम धुकं पडावं तसं. दोन टोकं एकमेकांकडे बघत उभी आणि मध्ये काहीच नाही.

"वजन तर बरोबर पडतंय," बाई स्वतःशीच म्हणाल्या. "रोजचे फोटो आहेत माझ्याकडे. म्हणजे जाळीच लवकर विरघळते आहे. माझंच मिश्रण चुकलंय."

मी छताकडे पाहत होतो.

"दुसऱ्या पेशंटचं ऑपरेशन थांबवावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "कारण सापडेपर्यंत पुढे जाता येणार नाही." मग माझ्याकडे वळून, "मास्तर, जाळीचा थोडा भाग अजून शिल्लक आहे. तो जाईपर्यंत हाडाने धरलं तर धरलं. नाही तर कमरेचं हाड काढायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. आणि त्या वेळी पाय आधीसारखा होईलच, असं मी सांगणार नाही."

बाहेर पडताना बाईंनी माझा हात धरून माझी माफी मागितली. मी म्हटलं, "होतं असं कधीकधी." आता लिहिताना वाटतं, यापेक्षा काहीही बोललो असतो तरी चाललं असतं. मोठ्या मनाने माफ करायची मला सवय आहे, तीच तोंडात आली.

११ एप्रिल

बालवाडीच्या बाईंचा फोन. त्यांचं ऑपरेशन पुढे ढकललं. "तुम्हाला किती वाईट वाटत असेल," त्या म्हणाल्या. मला! "तुम्ही एवढं मनापासून सगळं केलंत, आणि तरी. माझी मुलं विचारतात, बाई, तुम्ही कधी येणार. मी सांगते, एक काका आधी बरे होणार, मग मी."

फोन ठेवल्यावर काटा ओढला. पाय टेकवला. सुई तीनवर गेली आणि तो आवाज आला.

आई बादली भरून घेऊन आली.

१५ एप्रिल

आज जे झालं ते लिहू नये असं वाटतं, म्हणून लिहितो.

सकाळची वेळ. आई काट्यावर, हातात बादली काठोकाठ. मी पलंगावर लोडाला टेकून, हातात मोबाइल. "आई, जरा डावीकडे, बोट येतंय मध्ये," असं मी म्हणत होतो. दार उघडं होतं. ही गाडीचे कागद विसरली होती, ते न्यायला परत आली.

हातात किल्ली धरून ती उंबऱ्यात उभी राहिली. बादलीतलं पाणी हिंदकळून जमिनीवर सांडलं.

"अगं, मी आपली सहज," आई म्हणाली.

"आई, हलू नका," ही म्हणाली. आवाज अगदी शांत. तिने मोबाइल काढला. "तशाच राहा. बादली जरा वर. अहो, तुम्हीही बघा इकडे."

तिने फोटो काढला. मग आईच्या हातातली बादली घेऊन गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घातलं, फरशी पुसली, आणि माझ्या पलंगाच्या कडेला बसली.

"पायाचं मला कळतं हो," ती म्हणाली. "तुमचा पाय, तुमची भीती. मी त्यावरून काही बोलले नसते. पण ती बाई आपल्या हाताने केलेल्या कामाला शिव्या देत बसली आहे. आणि बालवाडीच्या बाई रोज मला फोन करतात, ठाऊक आहे? तुमची चौकशी करायला. तुमच्या जेवणाची, झोपेची. मी त्यांना सांगते, हे रोज घामाघूम होईपर्यंत करतात. मला खोटं पाडलंत तुम्ही."

"अगं, मी सांगणारच होतो."

"कधी?"

मी लोडाची खोळ सारखी करू लागलो.

तिने माझ्या समोरच तो फोटो जाळीवाल्या बाईंना पाठवला. खाली एकच ओळ लिहिली: 'जाळीचं काही चुकलेलं नाही.'

१६ एप्रिल

बाई धावतच आल्या. मी भाषण तयार ठेवलं होतं. त्यात भिंतीचा आवाज होता, आईची माया होती, शेवटी थोडा गहिवरही होता. बाईंनी ते ऐकूनच घेतलं नाही. दारातच हसू लागल्या. हसता हसता डोळे पुसू लागल्या.

"मास्तर, तुम्ही काहीच केलं नाहीत! एकदासुद्धा नाही! वा!"

माझ्या नालायकीवर इतकं खूश झालेलं माणूस मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. सुतारडॉक्टरांना त्यांनी तिथूनच फोन लावला. भार न दिलेल्या पायात हाड येणारच नव्हतं, एक्स-रेत दिसलं ते त्यांच्या हिशेबाला धरूनच निघालं. बालवाडीच्या बाईंच्या ऑपरेशनला पुन्हा तारीख मिळणार.

मग हसणं थांबवून म्हणाल्या, "आता तुमचं. माझ्यावर रागावू नका, पण मी तुमच्यावर फार रागावले आहे. रागवायला वेळ मिळाला की सांगीन." जाताना परवानगी मागितली, हा फोटो डॉक्टरांच्या सभेत दाखवू का. सूचना न पाळणारा पेशंट म्हणून. तिथेही मी पहिलाच.

आईला कौतुकाने म्हणाल्या, "आजी, तुम्हीही एकदा तपासून घ्या हाडं." डॉक्टरांनी दुपारी तपासली. वयाच्या मानाने नवल वाटावं इतकी भक्कम, म्हणाले. माझ्या वाट्याचा व्यायाम कुणाच्या तरी अंगी लागला.

१८ एप्रिल

आजपासून ही आईला बरोबर ऑफिसात नेते. आई फोन घेणार, वेळा लावणार. आई निघताना रडली, मग लिपस्टिक लावलेल्या एका विद्यार्थिनीने तिला मागे खिडकीपाशी बसवलं तेव्हा हसली. मला वाटलं होतं ही निदान थर्मासमध्ये चहा ठेवून जाईल. ओट्यावर पातेलं ठेवलं होतं, रिकामं.

घर इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. हाक मारली तर कुणी येणार नाही ही गोष्ट माणसाला फार लवकर कळते.

काटा ओढला. फळीवर उजवा, काट्यावर डावा. चारवर आवाज आला. मला हुंदका आला आणि मी मोठ्याने, रिकाम्या घरात, त्या कॅशिअरला शिव्या दिल्या. मग भिंतीला दिल्या. मग कुणाला द्याव्या ते कळेना, कारण तिथे त्या दिवशी तिसरा कुणी नव्हताच. "या, या, या" मीच म्हणत होतो.

सुई सहावर गेली. फोटो पाठवला. या खेपेला पूर्ण पाऊल घेतलं, अंगठ्याचं वाकडं नख दिसेल असं.

बाईंचं उत्तर: 'नख कापा.'

७ मे

बारा. घामाघूम.

१९ मे

अठरा. सकाळी पंचवीस करायला गेलो आणि दुपारभर पाय धरून बसलो. डॉक्टर म्हणाले, "मागचं सगळं एका दिवसात फेडू नका. हाड उधारी घेत नाही."

बालवाडीच्या बाईंना जाळी बसली. मी भेटायला गेलो, कुबड्यांवर, स्वतःच्या पायांनी. त्यांना सगळं ठाऊक होतं. मला वाटलं होतं बोलतील. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि माझा कान धरला, अगदी बालवाडीतल्या पोराचा धरावा तसा. "पुन्हा करणार?" मी नाही म्हटलं. खोलीत परिचारिका होत्या, ही होती. सगळ्यांनी पाहिलं.

२१ जून

एक्स-रे. मी डोळे मिटून बसलो होतो.

"बघा तरी," सुतारडॉक्टर म्हणाले.

धुकं दाट झालं आहे. एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत पांढरी, वेडीवाकडी रेघ गेली आहे. जाळी जवळजवळ नाहीशी. रेघ बारीकच आहे. "अगदी थोडक्यात वाचलात," डॉक्टर म्हणाले. "टिकेल असं वाटतं. पण काम देत राहा त्याला." बाई त्या रेघेकडे बघत राहिल्या. आपल्या जाळीचं नामोनिशाण उरलं नाही म्हणून इतकी खूश होणारी बाई मला अजून नीट समजलेली नाही.

६ जुलै

गाडी चालवायची परवानगी मिळाली. शिकवायची नव्हे, चालवायची. हिने अट घातली, पहिल्यांदा माझ्याबरोबर.

बाहेर जाऊन गाडी पाहिली. अरेरे! दारावर, बंपरवर, कोपऱ्यांवर ओरखडेच ओरखडे. प्रत्येक कुणाचा ते हिला ठाऊक आहे. हा डॉक्टरीणबाईंचा, हा शिंप्याचा, हा जाड चष्मेवाल्याचा. सगळे पास.

मी चालवायला बसलो. ही शेजारी, माझ्या जागेवर. चपला काढल्या, पाय वर घेतले आणि मांडी घातली.

सपाट रस्त्यावर ठीक चाललं. पुलाकडच्या चढावर सिग्नल लागला. मागे येऊन एक ट्रक थांबला, इतका जवळ की आरशात त्याचं फक्त तोंड दिसत होतं. सिग्नल सुटला. चढावर गाडी उचलायची तर डावा पाय हाफ क्लचवर धरून ठेवायचा, ना कमी ना जास्त, आणि उजवा ब्रेकवरून काढायचा. हे मी शेकडो लोकांना सांगितलं असेल. प्रत्येक वेळी खाली माझा ब्रेक दाबलेला होता.

डावा पाय थरथरू लागला. मी उजवा पाय काढला आणि गाडी मागे सरकली.

"ब्रेक!" मी ओरडलो. "अगं, ब्रेक दाब!"

"माझे पाय वर आहेत," ही म्हणाली.

ट्रकवाल्याने हॉर्न दिला. तो भिंतीचा आवाज पुन्हा आला आणि डावा पाय उचलून घ्यावा असं मला इतकं वाटलं, इतकं वाटलं. मी तो तिथेच ठेवला. नडगीत, बरोबर त्या जागी, कळ उठली. पट्टी दुखत नाही, स्क्रू दुखत नाही, जाळी तर आता नाहीच. दुखत होतं ते माझं हाड. मला रडू फुटलं.

गाडी वीतभर मागे गेली आणि थांबली. मग पुढे निघाली.

पूल ओलांडेपर्यंत मी बाहीने डोळे पुसत होतो. शेजारी पाहिलं, तर हिने हँडब्रेक घट्ट धरला होता, बोटं पांढरी पडेपर्यंत. ओढला मात्र नव्हता.